कर्करोग माहिती बैठक : ४ फेब्रुवारी, सकाळी १० वाजता

सभासदांनो,

४ फेब्रुवारी हा जागतिक कर्करोग दिन. त्या दिवशी सकाळी १० ते १२ आपल्या नेहमीच्या सभागृहात स्त्रीरोगतज्ज्ञ आणि दंतवैद्य येणार आहेत. बैठक स्त्री-पुरुष दोघांसाठी आहे. मागच्या वेळी बरीच पुरुष मंडळी घरच्यांना दारापर्यंत सोडून परत फिरली. तंबाखूची पुडी मात्र त्यांच्याच खिशात होती. यंदा आत येऊन बसावे.

त्याआधी एवढे वाचा :

• तोंडातली जखम किंवा पांढरा-लाल चट्टा दोन आठवड्यांत गेला नाही, किंवा तोंड पूर्वीइतके उघडत नसेल, तर बैठकीची वाट पाहू नका, लगेच डॉक्टरांना दाखवा. ‘दुखत नाही ना, मग राहू दे’ असे म्हणू नका. सुरुवातीला बहुधा दुखतच नाही.

• गर्भाशयमुखाचा कर्करोग जवळजवळ नेहमी एचपीव्ही या विषाणूमुळे होतो. त्यावरची लस ९ ते १४ वर्षांच्या वयात सर्वांत उपयोगी. या वयाच्या मुलींच्या आयांनी आणि वडिलांनीही जरूर यावे. तिशी ओलांडलेल्या बायकांनी, लस घेतली असली तरी, तपासणी टाळू नये.

• जुने रिपोर्ट आणि चालू औषधांची यादी सोबत आणा.

नावे १ फेब्रुवारीपर्यंत चिटणीसांकडे द्या. ज्यांची ने-आण करावी लागेल त्यांनी तेव्हाच सांगावे.

एक विनंती : कोणाच्याही आजाराची चर्चा ग्रुपवर नको. कर्करोग शिवल्याने होत नाही. शेजारी बसायला कचरू नका.