वंश बुडाला नाही, तो लेकींनी चालवला

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत मध्ययुगीन इंग्लंडमधील सरदार विल्यम मार्शल याच्यावर आलेला लेख मी दोनदा वाचला. मी शाळेत तीस वर्षे इतिहास शिकवला, त्यामुळे असा विषय मराठीत वाचायला मिळाला याचा आनंद फार मोठा आहे. राजा स्टिफनने 1152 मध्ये ओलीस ठेवलेल्या पाच-सहा वर्षांच्या विल्यमला फासावर चढवण्याची धमकी दिली, तेव्हा ‘याहून चांगले मुलगे घडवायला माझ्याकडे ऐरण आणि हातोडा आहे’ असे त्याचा बाप म्हणाला, तो प्रसंग लेखकाने अंगावर काटा येईल असा उभा केला आहे. सत्तरीच्या मार्शलने 1217 मध्ये लिंकन शहराची लढाई जिंकली, नऊ वर्षांच्या हेन्री तिसऱ्याचे राज्य सांभाळले, राजाच्या सत्तेला मर्यादा घालणारी मॅग्ना कार्टाची सनद स्वतःच्या शिक्क्याने पुन्हा जारी केली, हेही नेमके आले आहे.

माझी तक्रार शेवटच्या परिच्छेदाबद्दल आहे. मार्शलचे पाचही मुलगे औरस वारसाविना वारले, म्हणून त्याचा वंश बुडाला, असे तिथे म्हटले आहे. सोबतच्या वंशावळीच्या चौकटीतही पाच मुलगेच आहेत. मार्शलला पाच मुलीही होत्या.

मुळात मार्शलचे घराणे मोठे झाले ते एका मुलीच्या वारशामुळे. हा धाकट्या फळीतला मुलगा. वडिलांकडून त्याला जहागीर मिळण्यासारखी नव्हती. चाळिशी ओलांडेपर्यंत त्याने तलवारीवर आणि सरदारांच्या घोड्यावरच्या लढाऊ स्पर्धांतल्या बक्षिसांवर नाव कमावले. मग 1189 मध्ये त्याचे लग्न इझाबेल द क्लेअरशी झाले. ती तेव्हा सतरा-अठरा वर्षांची होती आणि राजाच्या पालकत्वाखाली होती. वडील रिचर्ड द क्लेअर, ज्यांना ‘स्ट्राँगबो’ म्हणत, ते 1176 मध्येच वारले होते आणि धाकटा भाऊही लहानपणीच गेला होता. वेल्सच्या सीमेवरचा चेपस्टोचा किल्ला, पेम्ब्रोकवरचा हक्क, नॉर्मंडीतल्या जमिनी आणि आयर्लंडमधला लेन्स्टरचा प्रचंड मुलूख, हे सगळे तिच्याकडून आले. त्यातला लेन्स्टर तर तिच्या आईकडचा. आई ईफा ही तिथल्या राजाची, डर्मट मॅकमरोची मुलगी. म्हणजे मुलीमार्फत वारसा जाण्याची ही त्या घराण्यातली पहिली वेळही नव्हती. मार्शल ‘अर्ल ऑफ पेम्ब्रोक’ म्हणून ओळखला जातो, तोही इझाबेलमुळे. तुमच्या लेखात तिला एक वाक्य मिळाले आहे, आणि तेही ‘श्रीमंत वारसदार तरुणी’ एवढेच.

मार्शलने स्वतः हे कधी लपवले नाही. 1207 मध्ये राजा जॉनने त्याला आयर्लंडमधून परत बोलावले. दोन मुलगे राजाकडे ओलीस, त्यामुळे न जाऊन चालणारे नव्हते. निघण्यापूर्वी त्याने किलकेनीत आपल्या सरदारांना जमवले, इझाबेलचा हात धरून तिला पुढे आणले आणि सांगितले की ही तुमची मालकीण, तुम्हाला जमिनी देणाऱ्या सरदाराची लेक, आणि इथे माझा जो काही हक्क आहे तो हिच्यामुळे आहे. ती त्या वेळी गरोदर होती. मार्शल इंग्लंडमध्ये अडकून पडला, तिकडे राजाचा अधिकारी माइलर फिट्झहेन्री याच्याशी झुंज चालू राहिली आणि इझाबेल व तिची माणसे जिंकली. शेवटी माइलरला तिच्यापुढे नमते घ्यावे लागले, स्वतःचा मुलगा ओलीस द्यावा लागला. हा प्रसंग मी वर्गात सांगत असे तेव्हा मागच्या बाकावरच्या मुलीही मान वर करून ऐकत.

हे आपल्याला कळते कसे? मार्शलच्या मृत्यूनंतर थोरल्या मुलाने त्याचे चरित्र पद्यात लिहवून घेतले. जुन्या फ्रेंचमधल्या त्याच्या ओळी एकोणीस हजारांवर आहेत. त्यातल्या लढायांपेक्षा मला शेवटचे दिवस जास्त आठवतात. 1219 च्या वसंतात मार्शल कॅव्हरशॅमला अंथरुणाला खिळला होता. एक दिवस त्याला गावेसे वाटले, पण लोक वेडा म्हणतील म्हणून तो गप्प राहिला. मग मुलींना बोलावले. थोरली मॉड आधी गायली. धाकटी जोन लाजत, अडखळत गायली, तेव्हा बापाने तिला लाजू नकोस म्हणून सांगितले आणि शब्द कसे म्हणायचे ते शिकवले. जोनचे लग्न व्हायचे होते, तिच्यासाठी काही तरतूद करून ठेवावी ही काळजीही त्याने बोलून दाखवली. 14 मे रोजी तो गेला. टेंपलर संन्यासी-योद्ध्यांमध्ये दाखल झाल्यामुळे त्याला लंडनच्या टेंपल चर्चमध्ये पुरले. इझाबेल पुढच्याच वर्षी गेली, ती वेल्समधल्या टिंटर्न मठात विसावली.

मुलग्यांची कहाणी खरोखर दुःखाची आहे. विल्यम 1231 मध्ये, रिचर्ड 1234 मध्ये लढाईतल्या जखमांनी, गिल्बर्ट 1241 मध्ये तशाच लढाऊ स्पर्धेत घोड्यावरून पडून, आणि वॉल्टर व अॅन्सेल्म 1245 मध्ये काही आठवड्यांच्या अंतराने गेले. आयर्लंडमधल्या फर्न्सच्या बिशपने मार्शलचे मुलगे निपुत्रिक राहतील असा शाप दिल्याची गोष्ट लोक सांगू लागले ती त्यामुळेच. पण त्यानंतर जे घडले ते तुमच्या लेखात नाही. वारसा पाच मुलींच्या शाखांकडे गेला. लेन्स्टरचे पाच वाटे पडले: मॉडला कार्लो, इझाबेलच्या वारसांना किलकेनी, सिबिलच्या मुलींना किल्डेअर, जोनच्या वारसांना वेक्सफर्ड, ईव्हाच्या मुलींना डनमेस. मॉड तेव्हा हयात होती. ‘मार्शल’ या घराण्याच्या वंशपरंपरागत दरबारी पदाची काठी 1246 मध्ये राजाने तिच्याच हाती दिली. ती 1248 मध्ये वारली. तिच्या मुलांनीच तिला टिंटर्नच्या मठात खांद्यावरून नेले असे सांगतात.

आणि वंश? धाकट्या इझाबेलच्या मुलीचे लग्न ब्रूस घराण्यात झाले. स्कॉटलंडला स्वातंत्र्य मिळवून देणारा राजा रॉबर्ट ब्रूस हा या धाकट्या इझाबेलचा पणतू. ईव्हाची मुलगी मॉर्टिमर घराण्यात गेली, त्या शाखेतून पुढे राजा चौथा एडवर्ड आला आणि त्याच्या मुलीमार्फत ते रक्त ट्यूडर घराण्यात गेले. आज लंडनच्या गादीवर बसलेला राजाही मार्शलचा वंशज आहे. मुलींच्या बाजूने का होईना, असे मी म्हणणार नाही. मुलींच्या बाजूनेच.

हे पत्र लिहिण्यामागे थोडे घरचेही आहे. आम्ही चौघी बहिणी. वडील गेले तेव्हा एका नातेवाइकाने आईसमोर ‘घराणे संपले’ असे म्हटले होते. आम्ही चौघी त्याच खोलीत होतो. म्हणून तुमच्या लेखातले ते वाक्य वाचताना माझा चष्मा काढून ठेवावा लागला.

एकच विनंती. पुढच्या रविवारी ती चौकट पुन्हा छापावी आणि तिच्यात विल्यम, रिचर्ड, गिल्बर्ट, वॉल्टर, अॅन्सेल्म यांच्याबरोबर मॉड, इझाबेल, सिबिल, ईव्हा आणि जोन ही नावे घालावीत. वर, विल्यमच्या शेजारी, इझाबेल द क्लेअर.

आपली,
एक निवृत्त इतिहास शिक्षिका, सांगली