निष्कर्ष छापा, पण तो कशावर उभा आहे तेही छापा

मा. संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

समाजमाध्यमांवरची खोटी माहिती आणि राजकीय ध्रुवीकरण यांविषयीच्या संशोधनाच्या बातम्यांची कात्रणे मी गेली सात-आठ वर्षे जपून ठेवत आलो आहे. परवा ती सगळी एका बैठकीत वाचून काढली आणि हे पत्र लिहिल्यावाचून राहवेना. आपल्याच अंकातील एका बातमीचे शीर्षक सांगते की समाजमाध्यमांनी समाज दुभंगला, हे सिद्ध झाले. पाच वर्षांनंतरच्या दुसऱ्या बातमीचे शीर्षक तितक्याच ठामपणे सांगते की फेसबुकच्या अल्गोरिदमचा (कोणाला कोणता मजकूर दाखवायचा हे ठरवणाऱ्या संगणकीय नियमांचा) ध्रुवीकरणाशी संबंध नाही, हे सिद्ध झाले. ज्या शोधनिबंधांवरून या बातम्या लिहिल्या गेल्या, ते मी मिळवून वाचले. त्यांत असे काही सिद्ध केल्याचा दावा कुठेही नाही. आयुष्यभर संख्याशास्त्र शिकवलेल्या माणसाला हे फार खुपते, कारण खोट्या माहितीवरचे संशोधनच वाचकापर्यंत विपर्यस्त होऊन पोहोचले, तर त्याने विसंबायचे तरी कशावर?

पहिल्या बातमीचा आधार असलेला अभ्यास मार्च २०१८ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. सोरूश वोसुघी, देब रॉय आणि सिनान अरल या एमआयटी या अमेरिकी विद्यापीठातील संशोधकांनी २००६ ते २०१७ या काळात ट्विटरवर पसरलेल्या बातम्यांच्या सुमारे १ लाख २६ हजार साखळ्या तपासल्या. साधारण ३० लाख लोकांनी त्या ४५ लाखांहून अधिक वेळा पुढे पाठवल्या होत्या. खोटी बातमी पुढे पाठवली जाण्याची शक्यता खरीपेक्षा ७० टक्क्यांनी जास्त आढळली, आणि १,५०० लोकांपर्यंत पोहोचायला खऱ्या बातमीला खोटीच्या सुमारे सहापट वेळ लागला. बॉट (आपोआप चालणारी खाती) बाजूला काढले तरी हा फरक टिकून राहिला, म्हणजे खोटे वेगाने पसरवणारे हात माणसांचेच होते. इतके आपल्या बातमीत आले आणि ते बरोबरच होते. जे आले नाही ते असे, की ही मुख्य तुलना तथ्यपडताळणी करणाऱ्या संस्थांनी छाननी केलेल्या बातम्यांपुरती होती. ज्यांविषयी कोणाला शंकाच येत नाही अशा रोजच्या असंख्य साध्या बातम्या त्या छाननीपर्यंत पोहोचतच नाहीत. ध्रुवीकरण तर या अभ्यासात मोजलेलेच नव्हते. राजकीय विषयांवरच्या खोट्या बातम्या इतर खोट्या बातम्यांपेक्षा दूरवर आणि वेगाने गेल्या, असे त्यात आहे. त्या वाचून कोणाचे मन कोणाविषयी किती कडवट झाले, हा प्रश्न संशोधकांनी विचारलाच नव्हता. समाज दुभंगल्याचे वाक्य शीर्षक लिहिणाऱ्याने पदरचे घातले होते.

खोट्या बातमीचा फैलाव आणि ध्रुवीकरण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत; त्यांची गल्लत निस्तरल्याशिवाय पुढचे काहीच नीट कळत नाही. फैलावाविषयी आज बरेच ठामपणे बोलता येते. २०१६ च्या अमेरिकी निवडणुकीच्या काळातील ट्विटर खात्यांच्या एका अभ्यासात बनावट बातम्यांच्या स्रोतांशी आलेल्या एकूण संपर्कापैकी ८० टक्के संपर्क अवघ्या १ टक्का लोकांचा होता, आणि अशा स्रोतांचा मजकूर शेअर करण्याचे जवळजवळ ८० टक्के काम ०.१ टक्का लोक करत होते. म्हणजे ‘सगळेच सगळे काही पसरवतात’ ही समजूत निदान त्या वेळच्या ट्विटरपुरती चुकीची होती. ध्रुवीकरणाचे मात्र आधी पोटभेद करावे लागतात. एक, धोरणांविषयीची मते परस्परांपासून दूर जाणे; दुसरे, समोरच्या पक्षाच्या माणसाविषयी मनात तिटकारा साठणे. दुसरा प्रकार मोजण्यासाठी संशोधक शून्य ते शंभर अशी पट्टी देतात आणि विचारतात की त्या पक्षाविषयी तुमच्या मनात किती ऊब आहे. मते जवळजवळ तीच राहूनही हा तिटकारा वाढू शकतो, आणि मला विचाराल तर जास्त घात तोच करतो.

हे मी अगदी जवळून पाहिले आहे. आमच्या जुन्या सहकाऱ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एका नेत्याच्या भाषणातील अकरा सेकंदांची चित्रफीत आली. ऐकून कोणालाही संताप यावा असेच ते वाक्य होते. मी मूळ भाषण शोधून ऐकले. कापलेल्या वाक्याच्या अगदी आधी ‘माझे विरोधक असे म्हणतात की’ हे शब्द होते आणि चित्रफीत नेमकी त्यांच्या नंतर सुरू होत होती. मी मूळ दुवा आणि मिनिट-सेकंद ग्रुपवर टाकले. ज्यांनी ती पाठवली होती, त्यांच्याशी माझा तीस वर्षांचा स्नेह आहे. रात्री त्यांचा फोन आला. ‘सर, व्हिडिओ कापलेला आहे हे मान्य, पण माणूस तसाच आहे ना!’ त्यांनी चूक कबूल केली होती आणि मत होते तिथेच ठेवले होते. अमेरिकी राज्यशास्त्रज्ञ ब्रेंडन नायहन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१६ मधील डोनाल्ड ट्रम्प यांच्या काही विधानांबाबत नेमके हेच तपासले होते. दुरुस्ती वाचल्यावर त्यांच्या समर्थकांचीही वस्तुस्थितीची समज सुधारली, पण ट्रम्प यांच्याविषयीची त्यांची भावना फारशी हलली नाही. तथ्यपडताळणी निरर्थक आहे, असा याचा अर्थ मी लावत नाही. समज सुधारते ही लहान गोष्ट नव्हे. पण खोटी बातमी खोडली म्हणजे मनातली तेढही ओसरली, असे गृहीत धरून लेख लिहिले जातात, त्याला या पुराव्याचा आधार नाही.

आता दुसऱ्या बातमीकडे वळतो, कारण तिच्यामुळे झालेला गैरसमज जास्त खोल आहे. जुलै २०२३ मध्ये ‘सायन्स’ आणि ‘नेचर’ यांत मिळून चार शोधनिबंध एकाच वेळी प्रसिद्ध झाले. फेसबुक आणि इन्स्टाग्राम ज्यांच्या मालकीचे आहेत त्या मेटा कंपनीच्या सहकार्याने, २०२० च्या अमेरिकी निवडणुकीच्या काळात हे काम झाले होते. एका प्रयोगात काही लोकांची अल्गोरिदमने रचलेली फीड (खाते उघडल्यावर समोर येणारा मजकूर) काढून त्यांना नुसत्या कालक्रमाने मजकूर दाखवण्यात आला, दुसऱ्यात इतरांनी शेअर केलेला मजकूर वगळण्यात आला, तर तिसऱ्यात २३,३७७ लोकांच्या फीडमधला समविचारी स्रोतांचा मजकूर सुमारे एक तृतीयांशाने घटवण्यात आला. तीन महिन्यांनी पाहिले तेव्हा लोकांच्या डोळ्यांसमोरचा मजकूर बराच बदलला होता, पण ध्रुवीकरणाच्या मोजमापांत लक्षणीय फरक आढळला नाही. काम अतिशय काटेकोर होते आणि मी त्याचा आदर करतो. परंतु जी व्यक्ती वर्षानुवर्षे एका प्रकारची फीड पाहत आली, जिचे नातलग, मित्र, टीव्ही वाहिन्या आणि नेते सगळे जुन्याच रचनेत वावरत आहेत, तिची फीड ऐन निवडणुकीत तीन महिने बदलली आणि तिचे मत बदलले नाही, यावरून त्या सगळ्या वर्षांत काय झाले याचे उत्तर मिळत नाही. रुग्णाचे औषध तीन महिने थांबवले आणि प्रकृतीत फरक पडला नाही, तर एवढ्यावरून कोणताही डॉक्टर ‘आजार या औषधामुळे नव्हताच’ असे लिहून देणार नाही.

या प्रकल्पावर तटस्थ निरीक्षक म्हणून विस्कॉन्सिन विद्यापीठाचे मायकेल वॅग्नर यांची नेमणूक झाली होती. त्यांनी ‘सायन्स’मध्येच लिहिलेल्या टिपणाचा मथळा मराठीत सांगायचा तर ‘परवानगीने मिळालेले स्वातंत्र्य’ असा होता. संशोधक प्रामाणिक होते, पण माहितीच्या कोठाराची किल्ली कंपनीकडे होती आणि काय विचारता येईल हे त्या किल्लीवर ठरत होते, असा त्याचा आशय. पुढे २०२४ मध्ये ‘सायन्स’मध्येच काही संशोधकांनी दाखवून दिले की या प्रयोगाच्या काळातच मेटाने निवडणुकीसाठीचे आणीबाणीचे उपाय लागू करून फीडचे नेहमीचे अल्गोरिदम बदलले होते आणि त्यामुळे अविश्वसनीय स्रोतांचा मजकूर तात्पुरता कमी दिसत होता. ज्या अल्गोरिदमशी तुलना केली, तेच त्या काळात नेहमीसारखे नव्हते, ही काही बारीकसारीक गोष्ट नाही.

देश बदलला की उत्तरही बदलते, हे आणखी एक. २०१८ च्या मध्यावधी (अध्यक्षांच्या कार्यकाळाच्या मध्यावर ठरल्याप्रमाणे होणाऱ्या संसदेच्या) निवडणुकीपूर्वी अमेरिकेत काही लोकांना चार आठवडे फेसबुक बंद ठेवायला लावले, तेव्हा त्यांची बातम्यांविषयीची माहिती घटली आणि धोरणविषयक मतांमधले ध्रुवीकरणही घटले. २०१९ मध्ये बोस्नियात, १९९५ साली स्रेब्रेनिका येथे झालेल्या मुस्लिमांच्या नरसंहाराच्या स्मृतिदिनाच्या आठवड्यात तसाच प्रयोग झाला, तर फेसबुक सोडलेल्यांची इतर वांशिक गटांविषयीची भावना उलट अधिक प्रतिकूल निघाली. ज्यांचा प्रत्यक्षातला गोतावळा फक्त स्वतःच्याच गटाचा होता, त्यांच्यात हा परिणाम विशेष दिसला. या दोन प्रयोगांपैकी कोणताही एकच वाचून ‘संशोधन सांगते’ असे वाक्य लिहिणे वाचकावर अन्याय करणारे आहे.

माझी सर्वांत मोठी काळजी मात्र वेगळी आहे. हे प्रश्न सोडवण्यासाठी लागणारे आकडे दिवसेंदिवस संशोधकांच्या हातून निसटत आहेत. २०१८ च्या त्या अभ्यासासारखे काम आज कोणाला करायचे असेल, तर ट्विटरची, म्हणजे आताच्या एक्सची, माहिती मोफत मिळण्याची सोय २०२३ मध्येच बंद झाली आहे. फेसबुकवर काय पसरते हे पत्रकार आणि संशोधक ज्या क्राउडटँगल या साधनाने पाहत, ते मेटाने ऑगस्ट २०२४ मध्ये बंद केले. व्हॉट्सॲपवरचे संदेश तर कूटबद्धच असतात, म्हणजे पाठवणारा आणि घेणारा यांच्याखेरीज ते कोणाला वाचता येत नाहीत. ती गोपनीयता मला हवीच आहे, पण त्यामुळे तिथला अभ्यास लोकांनी स्वेच्छेने दिलेल्या संदेशांवर अवलंबून राहतो, हेही वाचकाला ठाऊक असावे. युरोपीय संघाने डिजिटल सेवा कायद्याच्या ४० व्या कलमात मान्यताप्राप्त संशोधकांना मोठ्या कंपन्यांकडची माहिती मागण्याचा हक्क दिला आहे. असा हक्क इतरत्र का नाही, ही चर्चा वृत्तपत्रांनी घडवून आणायला हवी आणि ती मला फार थोड्या ठिकाणी दिसते.

कंपनीच्या परवानगीवाचूनही काही करता येते, याचे एक उदाहरण नोव्हेंबर २०२५ मध्ये ‘सायन्स’मध्ये आले. संशोधकांनी ब्राउझरला जोडायचे एक छोटे साधन तयार केले आणि ते स्वेच्छेने वापरणाऱ्या १,२५६ लोकांच्या एक्सवरच्या फीडमध्ये लोकशाहीविरोधी आणि विरोधी पक्षाविषयी वैरभाव चेतवणारा मजकूर काहींसाठी खाली, तर काहींसाठी वर सरकवला. दहा दिवसांत विरोधी पक्षाविषयीची भावना शंभराच्या पट्टीवर सुमारे दोन अंशांनी त्या त्या दिशेला सरकली. दोन अंश हे फार आहेत की थोडे, हा परिणाम किती टिकेल, यावर वाद व्हावा. पण २०२३ च्या ‘संबंध नाही’ या शीर्षकानंतर प्रकरण मिटले असे ज्यांना वाटले, त्यांच्यापर्यंत हा अभ्यास पोहोचायलाच हवा.

म्हणून आपणास माझी आग्रहाची विनंती आहे. अशी बातमी देताना अभ्यास कोणत्या देशात, कोणत्या महिन्यांत, किती लोकांवर झाला, नेमके काय मोजले, फरक किती निघाला आणि आकडे कोणी पुरवले, एवढे पहिल्या दोन परिच्छेदांत यावे. त्यासाठी चार ओळी वाढतील, वाचक त्या वाचतील. ‘सिद्ध झाले’ हा शब्दप्रयोग शीर्षकातून वगळावा. आणि एखाद्या अभ्यासावर पुढे गंभीर आक्षेप आला, तर त्यालाही तेवढ्याच ठळकपणे जागा मिळावी. जुलै २०२३ ची आपली बातमी माझ्याकडे आहे. २०२४ च्या आक्षेपाची बातमी मात्र मला आपल्या अंकांत सापडली नाही. ती आजही देता येईल.

आपला,
एक वाचक
(निवृत्त संख्याशास्त्र प्राध्यापक)