एनसीएलेक्स अभ्यासगट : रविवारच्या सरावाची सूचना

सर्वांना नमस्कार. रविवारी सकाळी १० वाजता एनसीएलेक्सचा (अमेरिकेत, कॅनडात नर्सचा परवाना मिळवण्यासाठीची परीक्षा) ऑनलाइन सराव आहे. या वेळी फक्त केस स्टडी, म्हणजे एका पेशंटच्या नोंदी देऊन त्यावर विचारलेले प्रश्न. एप्रिल २०२३ पासून परीक्षेत अशा तीन केस गुणांसाठी धरल्या जातात, प्रत्येकीवर सहा प्रश्न. सुरुवात ‘यातलं काळजीचं काय?’ इथून होते, आणि आपली घाई नेमकी तिथेच नडते. उदाहरणार्थ, ऑपरेशननंतर पेशंटची नाडी ११८, बीपी ८८/५४, लघवी कमी. तो दुखतंय म्हणत असला तरी आधी रक्तस्रावाचा विचार हवा!

सोबतची केस सोडवताना कोणत्या नोंदीवरून काय ठरवलं ते वहीत लिहून आणा. ‘लागू असतील ते सर्व निवडा’मध्ये चुकीच्या पर्यायाला गुण कापला जातो, अंदाजाने टिकमार्क करत सुटू नका. नाइट ड्यूटीवाल्यांनी शनिवारपर्यंत कळवावं, संध्याकाळची वेळ ठेवू.