तीन व्याख्या आणि मुलांचा गोंधळ

संपादक महोदय, स. न.

सध्या आमच्या इंदूरात अकरावीच्या क्लासेसमध्ये ॲसिड-बेसच्या तीन व्याख्या एका दमात डिक्टेट करून टाकतात, आणि मुलं घरी येऊन म्हणतात की दहावीत शिकवलं ते चुकीचं होतं. चुकीचं कसलं हो! अऱ्हेनियस या स्वीडिश शास्त्रज्ञाने १८८४ च्या सुमारास पाण्यापुरता विचार केला, पाण्यात हायड्रोजन आयन सोडतं ते ॲसिड, हायड्रॉक्साइड सोडतं तो बेस, आणि पाण्यात हे आजही छानच चालतं. पण हायड्रोक्लोरिक ॲसिडची वाफ आणि अमोनिया गॅस एकत्र आले की पांढराशुभ्र धूर होतो, अमोनियम क्लोराइडचा, त्याला पाणी लागत नाही आणि अमोनियात हायड्रॉक्साइड तर मुळातच नाही, मग तो बेस कसा? म्हणून १९२३ मध्ये ब्रॉन्स्टेड आणि लोरी यांनी वेगवेगळं काम करून सांगितलं की प्रोटॉन, म्हणजे तोच हायड्रोजन आयन, देतो तो ॲसिड, घेतो तो बेस. त्याच वर्षी लुईसने इलेक्ट्रॉनच्या जोडीवरून व्याख्या केली, जोडी घेतो तो ॲसिड, देतो तो बेस, त्यात बोरॉन ट्रायफ्लोराइडसुद्धा ॲसिड ठरतं, हायड्रोजन नसताना!

तो पांढरा धूर वर्गात एकदा दाखवायला दोन बाटल्या आणि उघडी खिडकी पुरे. तेही जमत नसेल तर हळदीत चुना घाला, तोही बेसच, लाल होते, आपल्याकडे कुंकू असंच तर करायचे. पण लॅबला कुलूप आणि गाइडला भाव, काय बोलणार.

– एक पालक, इंदूर