पत्रिका दाखवून आलो, त्याबद्दल

पुणे, मंगळवार रात्र

तीर्थरूप आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

फोनवर मी काय बोलतो ते तुम्हांला पाठ झालं असेल. जेवलात का, गोळ्या घेतल्या का, बरं ठेवतो. एवढ्यात हे सगळं मावणार नाही, म्हणून तुमच्या नातीच्या वहीतली पानं घेऊन बसलोय.

आई, मी वाईला जाऊन आलो. तू सांगितलेल्या गुरुजींना पत्रिका दाखवली.

बाबा, तुम्हांला हे आवडणार नाही हे माहीत आहे. तरी शेवटपर्यंत वाचा. गणपतीत तुम्ही दोघं इथे आला होतात, तेव्हा माझ्या साडेसातीवरून तुमचं वाजलं आणि तीन दिवस अबोला होता. हे मला हिने नंतर सांगितलं. तीन दिवस एका छताखाली राहून मला त्याचा पत्ता नव्हता. मी आतल्या खोलीत कॉलवर होतो. हे ऐकलं त्या रात्री मला झोप लागली नाही, आणि वाईला जायचं त्याच रात्री ठरलं.

आधी पुण्यातल्या त्या माणसाचं सांगतो. आई, तू मला न सांगता माझी पत्रिका त्याच्याकडे नेलीस. नीलम घाला, शांत करा, नाहीतर मुलाचा संसार टिकणार नाही, असं तो म्हणाला आणि तू भिशीचे एकवीस हजार त्याच्या हातावर ठेवलेस. मी तुझ्यावर रागावलेलो नाही. पोराचं तोंड दिसेनासं झालं की आई कुठेही जाईल. पण म्हाताऱ्या बाईला घाबरवून पैसे काढणाऱ्याला मी ज्योतिषी म्हणणार नाही. बाबा त्याला जो शब्द वापरतात तोच बरोबर आहे. नीलम मी घालणार नाही, आणि ते पैसे शनिवारी तुझ्या हातात देतो.

वाईचे गुरुजी वेगळे निघाले. नदीकडच्या आळीत जुनं घर, ओटीवर सतरंजी. त्यांनी आधी जन्मवेळ विचारली. तू सांगतेस नळाला पाणी आलं तेव्हा, म्हणजे साडेपाच. दवाखान्याच्या कागदावर सव्वासात आहे. ते म्हणाले, लग्न म्हणजे जन्मवेळी पूर्वेला उगवणारी रास, ती साधारण दोन तासांनी बदलते, तेव्हा लग्नावरून मी ठाम काही सांगणार नाही. चंद्र एका राशीत सव्वादोन दिवस असतो. तेव्हा चंद्राची रास कुंभच, त्यात शंका नाही.

मग त्यांनी शनी काढला. १९८८ चा जन्म, शनी धनू राशीत, तिथून तिसऱ्या राशीवर त्याची नजर, म्हणजे कुंभेतल्या चंद्रावर. शनीची एक फेरी साडेएकोणतीस वर्षांची, म्हणजे २०१७-१८ च्या सुमाराला तो फिरून मूळ जागी आला. "तेव्हा काय झालं?" मी म्हटलं, मॅनेजर झालो. "मग?" मग अमेरिकेचे कॉल सुरू झाले, रात्री साडेअकरापर्यंत. "मग?" २४ जानेवारी २०२० ला शनी मकरेत, म्हणजे कुंभेच्या आधीच्या राशीत आला आणि कुंभेची साडेसाती लागली, असं त्यांनीच सांगितलं. मी म्हटलं, दोन महिन्यांनी टाळेबंदी झाली, ऑफिस घरात आलं आणि माझ्या बाबतीत ते परत गेलंच नाही. "मग?"

आई, या माणसाने चाळीस मिनिटांत मला वीसेक वेळा 'मग?' विचारलं असेल. तूही विचारायचीस, हीसुद्धा विचारायची. मी थांबत नव्हतो, एवढाच फरक. तिथे सतरंजीवरून उठून जाता येत नव्हतं. शेवटी मी त्यांना तुमच्या नातीचं सांगितलं. ती माझ्या खोलीत येते तेव्हा आधी माझ्या तोंडाकडे बघत नाही, कानाकडे बघते. कानात यंत्र असलं की आल्यापावली मागे फिरते. सात वर्षांची आहे, आणि तिला हे कुणी शिकवलेलं नाही. हे सांगताना माझा आवाज गेला. अनोळखी माणसासमोर मी रडलो. गुरुजींनी पाण्याचा तांब्या पुढे सरकवला आणि ते पंचांग चाळत बसले, माझं होईपर्यंत.

नंतर म्हणाले, "चंद्र म्हणजे मन, शनी म्हणजे कष्ट. नोकरी शनीची आहे, ती करा. चंद्र कशाला गहाण टाकलात?"

उपाय विचारला तर म्हणाले, शनिवारी मारुतीला तेल घालायचं असेल तर घाला, रुईच्या पानांची माळ वाहा, कुणाचं काही बिघडत नाही. मग विचारलं, वडील आहेत ना? कालपुरुष म्हणजे बारा राशींचं कल्पलेलं शरीर, त्याच्या अंगावर मकर म्हणजे गुडघे आणि कुंभ म्हणजे पोटऱ्या, दोन्ही राशी शनीच्या. "वडिलांच्या गुडघ्यांना तेल लावा. तेही तिथेच पोचतं." दक्षिणा ताम्हनात ठेवा म्हणाले, किती ते सांगितलं नाही. निघताना पत्रिकेच्या पाठीमागे त्यांनी पेन्सिलीने १४४१६ लिहून दिलं. मनाच्या आरोग्यासाठी सरकारची टेलिमानस फोनसेवा, फुकट, चोवीस तास, मराठीत बोलतात. "झोप जात असेल तर ते माझं काम नाही, इथे फोन करा."

बाबा, आता तुमच्याशी बोलतो. खगोलशास्त्रज्ञ नारळीकरांनी ज्योतिषांची चाचणी घेतली होती, तिचं कात्रण तुम्ही मला होस्टेलवर पाठवलं होतं, ते अजून माझ्याकडे आहे. २०० पत्रिका, १०० हुशार मुलांच्या आणि १०० मतिमंद मुलांच्या. कुठली कुणाची ते ओळखायचं. प्रत्येक ज्योतिषाला ४० दिल्या, २७ जणांनी उत्तरं पाठवली, आणि सरासरी ४६ टक्के बरोबर आली. नाणं उडवलं तरी पन्नास येतात, असं तुम्ही समासात निळ्या शाईने लिहिलं होतंत. मी ते खोडत नाही. शनीने मला खुर्चीला बांधलं असं मी मानत नाही. मीच बसलो होतो.

तरी आईचं मला आता कळतं. आपल्या घरात 'मन थकलंय' असं म्हणायची पद्धत नव्हती. ताप असेल तर सांगायचं, बाकीचं गिळायचं. 'साडेसाती चालू आहे' एवढं मात्र चारचौघांत म्हणता येतं, त्यात कमीपणा नाही. आणि साडेसातीला शेवट असतो. गुरुजींनी हिशेब मांडला, २०२७-२८ ला शनी मेषेत गेला की कुंभेची संपते. ज्याला पुढचा महिनाही दिसत नाही, त्याला एवढाही आधार पुरतो. धोका एकच: दोष ग्रहावर टाकून तो माणूस पुन्हा लॅपटॉप उघडतो. मी तसं केलेलं नाही, हे सांगायलाच हे पत्र.

त्या नंबरवर मी फोन केला. त्यानंतर एका समुपदेशक बाईंकडे जायला लागलो, आतापर्यंत सहा वेळा. जागतिक आरोग्य संघटना कामाने असं पिळून निघण्याला आजार म्हणत नाही, पण २०१९ मध्ये त्यांनी त्याची तीन लक्षणं सांगितली: अंगात त्राण न उरणं, कामापासून मन तुटणं, हातून काही नीट होत नाही असं वाटणं. तिन्ही माझी होती. बाबा, तुम्हांला आकडा लागतो म्हणून लिहितो. त्याच संघटनेने २०२१ मध्ये जाहीर केलं की आठवड्याला ५५ किंवा जास्त तास काम करणाऱ्यांना, ३५ ते ४० तास करणाऱ्यांपेक्षा, पक्षाघाताचा धोका ३५ टक्के जास्त. माझे तास बाईंनी मोजायला लावले, ते ७१ भरले. साहेबांशी बोलून रात्रीचे कॉल आठवड्यातून दोन दिवसांवर आणलेत. बढती पुढे गेली, जाऊ दे.

मधे गोंदवल्यालाही जाऊन आलो, दोन दिवस. आई, तू लहानपणी नेलं होतंस त्यानंतर आत्ता. खोली मिळाली, कुणी पैसे मागितले नाहीत, आमटी-भात पोटभर. दुसऱ्या दिवशी मेथी निवडायला बसलो. शेजारी एक आजोबा होते, एसटीतून निवृत्त झालेले. त्यांनी मला काय करता, किती मिळतं, काही विचारलं नाही. दोन तासांत एवढंच म्हणाले, देठ मोठं ठेवू नका. गोंदवलेकर महाराज १९१३ मध्ये गेले, त्यांनी जन्मभर नाम घ्या म्हणूनच सांगितलं, आणि प्रपंच सोडायला सांगितलं नाही. तेरा अक्षरांचा रामनामाचा जप मी आता रात्री अंथरुणावर करतो. देव आहे की नाही यावर बाबांशी मी आयुष्यभर वाद घालीन, पण जप करताना मोबाइल हातात धरता येत नाही, आणि झोप लागते.

एक राहिलं, आणि तेच सगळ्यात कठीण आहे.

गुरुजींनी विचारलं होतं, वडिलांशी निवांत शेवटचं कधी बोललात? मला आठवेना. बाबा, तुम्हीही बोलत नव्हतात. सकाळी शाळा, संध्याकाळी शिकवण्या, रात्री पेपरांचा गठ्ठा. मी गृहपाठाची वही धरून दारात उभा राहायचो आणि तुमची मान कधी वर होते ते बघायचो. तुमची माया नव्हती असं मला कधीच वाटलं नाही. दर रविवारी माझ्या सायकलच्या चेनला तेल घातलेलं असायचं, मी उठायच्या आत. पण मान वर व्हावी असं वाटायचं. आता तुमची नात माझ्या दारात तशीच उभी राहते, म्हणून हे लिहिण्याचं धाडस केलं. तुम्हांला दुखवायचं नाही. तुमचं ओझं किती होतं, हे आज माझं उतरवताना कळतंय. तेव्हा तुमच्या मनात काय चालायचं ते मला ऐकायचं आहे. तुम्ही सांगाल तेवढं, सांगाल तेव्हा.

शनिवारी पहाटेच्या एसटीने स्वारगेटहून निघतो, दहाच्या सुमाराला कराडला पोचेन. नातही येतेय. लॅपटॉप आणणार नाही. घाण्यावरचं तिळाचं तेल घेतलंय. आई, माझ्यासाठी धरलेले शनिवार आता सोड, आपण एकत्र जेवू. बाबा, गुडघा साथ देत असेल तर स्टँडवर या. नसेल तर घरीच थांबा, तेल तापवून लावायचं असतं का ते तेवढं आईला विचारून ठेवा.

तुमचा,
बाळ