सूचना : रविवारी जुन्या पुलापाशी पाहणी

सभासदहो,
वेण्णेवरचा जुना पूल पाडण्याआधी दोन्ही काठांची नोंद करायची आहे. येत्या रविवारी सकाळी ७ वाजता पिंपळाच्या पारापाशी जमावे. टेप, वही आणावी. बूट घालाच, बाभळीचे काटे फार आहेत.

भरावात एक वीरगळ (लढाईत पडलेल्या वीराचा स्मृतिदगड) गळ्यापर्यंत गाडला गेलाय, वरचा कलश आणि शिवलिंग तेवढं दिसतं. त्याचा शेंदूर खरवडू नका, अक्षरं उठावीत म्हणून पीठही चोळू नका (मागच्या वेळी झालं ते पुरे). शेजारी मोजपट्टी ठेवून आधी फोटो, मग मापं.

खणायचं नाही. खापर, नाणं दिसलं तर जागेवरच ठेवून हाक मारा. १८७८ च्या निखात निधी कायद्याप्रमाणे जमिनीत सापडलेला १० रुपयांवरचा ऐवज जिल्हाधिकाऱ्यांना कळवावा लागतो.

चहा मंडळाचा, डबा ज्याचा त्याचा.
– सचिव