गाणे पुढे, ओठ मागे

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

दिवाळी पहाटेच्या फराळाच्या बशा उचलल्या जाण्याआधीच तिचे चित्रण यूट्यूबवर चढलेले असते. घरगुती बैठका, संगीत वर्गांची गुरुपौर्णिमा, गणेशोत्सवातली भजने, सगळ्यांचे तेच. हौस दांडगी, कॅमेरेही आता चांगले. पण ऐकायला बसावे, तर गायकाचे ओठ मिटल्यावर तान संपते, तंबोरा मध्येच नाहीसा होतो, नाहीतर अख्खे गाणे पाऊण स्वर चढलेले निघते. दोष दिला जातो माइकला. खरे तर तो बहुतेक वेळा ध्वनी आणि चित्र एकत्र आणताना शिरलेला असतो, आणि आयोजकांनी आधी थोडे ठरवले तर टळतो.

पहिली गोष्ट म्हणजे, मोबाइलने घेतलेला आवाज अंतिम म्हणून वापरू नये. फोनची घडण बोलण्यासाठी असते. एकसारखा चालणारा आवाज म्हणजे पंखा किंवा रहदारी, असे धरून तो दाबतो. तंबोऱ्याइतका एकसारखा आवाज दुसरा कुठला? शिवाय गायक थांबला की फोन आपोआप आवाज वाढवतो आणि पुढची सम आली की झटक्यात दाबतो. मग गाणे लाटेसारखे वरखाली होत राहते. म्हणून ध्वनी मिक्सरवरून वेगळ्या रेकॉर्डरवर घ्यावा, ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, वेव्ह फाइल, म्हणजे न दाबलेला ध्वनी. ही फाइल तासाला साधारण १ जीबी होते. तीन तासांची मैफल साध्या पेनड्राइव्हवर मावते, त्यामुळे साउंडवाल्याकडे ती मागण्यात संकोच कसला? रेकॉर्डरवर सर्वांत मोठा आवाज उणे १२ डेसिबलच्या आसपास राहू द्यावा. तिहाईच्या जोरावर पातळी वर उडतेच, आणि एकदा फाटलेला आवाज नंतर शिवता येत नाही.

वेगळा रेकॉर्डर नाही म्हणून मिक्सरची वायर थेट कॅमेऱ्यात घालतात, तिथे दोन फसगती होतात. मिक्सरचा लाइनचा, म्हणजे माइकपेक्षा कितीतरी जोराचा, आवाज कॅमेऱ्याच्या माइकच्या तोंडात घातला तर तो फाटतोच. मध्ये पातळी उतरवणारा पॅड हवा. दुसरी फसगत जास्त लबाड आहे. एक्सएलआरच्या, म्हणजे मिक्सरच्या तीन पिनांच्या, वायरीतून एकच आवाज दोन तारांवर येतो, एकीवर सुलटा, दुसरीवर उलटा. ती वायर छोट्या स्टिरिओ जॅकमध्ये जोडली की कॅमेरा त्यांना डावा-उजवा समजतो. इअरफोनवर हे ‘छान मोकळे’ ऐकू येते. पण एकच स्पीकर असलेल्या मोबाइलवर दोन्ही एकमेकांना खोडतात आणि गायक गायब! एडिटिंगमध्ये आवाज मोनो, म्हणजे डावा-उजवा एकत्र, करून पाहावा. नाहीसा झाला, तर एक बाजू पुसून दुसरीची नक्कल तिच्या जागी ठेवावी.

आता जुळवणी. कॅमेऱ्याचा स्वतःचा आवाज बंद करू नये. तो ऐकवण्यासाठी नसून जुळवण्यासाठी असतो. ज्या पुण्यात प्रभात फिल्म कंपनीने १९३३ मध्ये कोल्हापूरहून बिऱ्हाड हलवले, त्या शहराला क्लॅपची पाटी चित्र आणि आवाज जुळवायला आपटतात हे सांगायला नको. पण मैफलीत पाटी कोण धरणार? त्यासाठी तबलजी आहेतच. तबला मिळवतानाचे हातोडीचे ठोके कॅमेऱ्यात स्पष्ट दिसतात आणि ध्वनीच्या आलेखात सुईसारखे उभे राहतात. म्हणून कॅमेरा आणि रेकॉर्डर दोन्ही गाण्याच्या पाच मिनिटे आधी चालू करावेत. पेटीच्या किंवा तंबोऱ्याच्या सुरावर जुळवू नये, त्याला धारदार सुरुवात नसते.

इथे अंतराचा हिशेब येतो. आवाज सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो, म्हणजे मीटरला ३ मिलिसेकंद. कॅमेरा मंचापासून २० मीटर मागे असेल तर त्याच्यापर्यंत आवाज ५८ मिलिसेकंद उशिरा पोहोचतो. मिक्सरचा ध्वनी कॅमेऱ्याच्या ध्वनीशी तंतोतंत जुळवला, तर ही चूकही तंतोतंत जुळते. सेकंदाला २५ फ्रेमच्या, म्हणजे २५ चित्रांच्या, चित्रणात एक फ्रेम ४० मिलिसेकंदांची, तेव्हा ध्वनी साधारण दीड फ्रेम अलीकडे सरकवावा. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या बीटी.१३५९ या शिफारशीनुसार ध्वनी चित्राच्या पुढे गेला तर ४५ मिलिसेकंदांतच जाणवतो, मागे राहिला तर १२५ पर्यंत खपतो. साहजिक आहे, वीज आधी दिसते आणि गडगडाट मागून येतो याची सवय आपल्याला जन्मापासून असते. तबल्याच्या बोटांवर जवळून कॅमेरा असेल तर मात्र दीड फ्रेमही खटकते. आणि हे सगळे ब्लूटूथ इअरफोन लावून तपासू नये. त्यांत आवाज शंभर-दोनशे मिलिसेकंद मागे पडू शकतो, आणि बरोबर असलेले चूक केले जाते.

सुरुवातीला जुळलेले पुढे सुटत गेले, तर कसे सुटते ते पाहावे, कारण त्यातच कळते. अंतर हळूहळू, एकसारखे वाढत असेल आणि सूर बरोबर असेल, तर दोन यंत्रांच्या घड्याळांतला फरक आहे. दशलक्षात ५० भागांचा फरक तासाभरात ०.१८ सेकंद होतो, म्हणजे साडेचार फ्रेम. अंतर कधी वाढते, कधी कमी होते, असे असेल तर मोबाइलचे चित्रण: उजेड कमी झाला की फोन फ्रेमची गती बदलतो. ती फाइल आधी हँडब्रेकसारख्या मोफत प्रोग्रॅममधून स्थिर फ्रेमगतीची करून घ्यावी. आणि दहा मिनिटांचे गाणे ९ मिनिटे ११ सेकंदांत संपत असेल, तर ४४.१ किलोहर्ट्झचे ध्वनिमुद्रण ४८ समजून वाजवले जात आहे. पेटीच्या काळी एकमधला गायक मग पांढरी दोन आणि काळी दोन यांच्या मधोमध गातो! ऐकणाऱ्याला सांगता आले नाही तरी काहीतरी बिनसल्याचे कळते.

घड्याळाच्या फरकावर आमचा सल्ला असा, की ध्वनीला हात लावू नये. दोन बंदिशींच्या मध्ये टाळ्या असतात, तिथे चित्र तोडून पुन्हा जुळवावे. चित्रातला काप कोणाच्या लक्षात येत नाही, आवाजातला येतो.

मिक्सरचा आवाज कोरडा असतो आणि त्यात ‘वाहवा’ नसते. कॅमेऱ्याजवळचा आवाज १२ ते १५ डेसिबल खाली ठेवून मिसळावा, पण आधी तोही सरकवून, नाहीतर घुमल्यासारखे होते. पातळी ओढून-ताणून मोठी करणे फुकट आहे. यूट्यूब उणे १४ एलयूएफएसच्या (कानाला जाणवणाऱ्या जोराचे माप) वरचा आवाज खाली आणते, मंद आवाज वाढवत नाही. दाबून सपाट केलेल्या ख्यालाच्या हाती त्यामुळे फक्त सपाटपणा उरतो. शिखर उणे १ डेसिबलच्या खाली असावे.

फाइल एमपी४, चित्र एच.२६४, १०८० रेषांसाठी सेकंदाला ८ मेगाबिट, ध्वनी एएसी ३८४ किलोबिट, ४८ किलोहर्ट्झ. यूट्यूब ती पुन्हा दाबणारच, म्हणून व्हॉट्सॲपवरून आलेली प्रत कधीही वापरू नये. ती आधीच दाबलेली असते. चित्र ठीक असून फक्त आवाज बदलायचा असेल, तर एफएफएमपेग या मोफत प्रोग्रॅमने चित्राचा प्रवाह जसाच्या तसा उचलता येतो. चित्र पुन्हा एन्कोड करण्याचा वेळही वाचतो, दर्जाही.

कपाटातल्या जुन्या कॅसेटी चढवणाऱ्यांसाठी: यूट्यूब नुसती एमपी३ घेत नाही, तिच्यासोबत निदान एक छायाचित्र लागते. त्याची रुंदी-उंची सम संख्येत ठेवावी. विषम असली की एन्कोडर अडतो. खाते फोन नंबरने पडताळलेले नसेल तर १५ मिनिटांपुढची फाइल स्वीकारली जात नाही, आणि विलंबित ख्याल १५ मिनिटांत कोण आटपतो?

हक्कांबाबत गैरसमज फार. तुकोबांचा अभंग सर्वांचा; पण विसाव्या शतकात कोणी त्याला लावलेली चाल वेगळी, आणि त्या चालीची बाजारातली रेकॉर्ड आणखी वेगळी. कॉपीराइट कायदा, १९५७ नुसार ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रकाशनानंतरच्या वर्षारंभापासून ६० वर्षे, कवी-संगीतकारांचा त्यांच्या मृत्यूनंतरच्या वर्षारंभापासून ६० वर्षे. म्हणून १९६० मधली तबकडी मोकळी झाली तरी तिच्यातली कविता मोकळी असेलच असे नाही. मंचावरच्या कलाकारांनाही स्वतंत्र हक्क आहे, ५० वर्षांचा. साथीदारही त्यात आले. मानधनाच्या पावतीवरच परवानगीची एक ओळ लिहून घ्यावी. यूट्यूबच्या कंटेंट आयडीने, म्हणजे गाणी आपोआप ओळखणाऱ्या यंत्रणेने, दावा लावला तर घाबरू नये, तो म्हणजे स्ट्राइक, अर्थात हक्कभंगाची ताकीद, नव्हे. दावा चुकीचा असेल तर हरकत घेता येते आणि दावेदाराला उत्तरासाठी ३० दिवस असतात. ९० दिवसांत तीन स्ट्राइक झाले की मात्र चॅनेलच बंद होऊ शकते.

चढवताना फाइल आधी ‘अनलिस्टेड’, म्हणजे दुवा असणाऱ्यालाच दिसेल अशी, ठेवावी आणि सुरुवात, मध्य, शेवट अशा तीन ठिकाणी ऐकावी, वायरच्या इअरफोनवर आणि मोबाइलच्या स्पीकरवरही. एकदा चढवलेली फाइल यूट्यूबवर बदलून दुसरी ठेवता येत नाही. नव्याने चढवली की दुवा बदलतो, आणि नातेवाइकांच्या सगळ्या ग्रुपांवर जुनाच फिरत राहतो.

आपला,
एक ध्वनिमुद्रक
सदाशिव पेठ, पुणे ३०